तुमचे प्रश्न: विठोबा वाकडा उभा राहत नाही

आषाढी जवळ आली की दरवर्षी माझ्याकडे एकाच टाइपचे प्रश्न यायला लागतात, अभंगावर नाच बसवायचाय, भजनावर बसवायचाय, हे क्लासिकल होतं का, ते चालतं का. या वेळी इतके आले की घुंगरांच्या आणि गुडघेदुखीच्या प्रश्नांना पुढच्या अंकात ढकललंय. रागावू नका.

नमस्कार ताई. माझी मुलगी चार वर्षं भरतनाट्यम शिकतेय. या वर्षी तिला "सुंदर ते ध्यान" वर नाच करायचाय, पण ओळखीच्या एक बाई म्हणाल्या की भरतनाट्यममध्ये अभंग आणला की ते फ्युजन होतं, प्युअर राहत नाही. खरं आहे का? (एक आई)

अहो त्या बाईंना एकदा तंजावरला पाठवा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तिकडे गेले आणि त्यांच्या वंशजांनी 1855 पर्यंत तिथे राज्य केलं हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. दुसरे सरफोजी राजे, म्हणजे 1798 ते 1832, त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु असे चार भाऊ होते, तंजावर चौकडी म्हणतात त्यांना, आणि आज तुमची मुलगी ज्या क्रमाने शिकतेय ना, अलारिप्पु, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, मग पदम, जावळी, शेवटी तिल्लाना, त्या मार्गमची घडी त्यांनीच बसवली. आणि खुद्द सरफोजी राजांच्या नावावर नाचासाठीच्या मराठी रचना आहेत. चक्क मराठी! तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या छापल्यासुद्धा आहेत. आपल्याकडचे कीर्तनकार तिकडे गेले त्याचाही परिणाम असा झाला की दक्षिणेतल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे शब्द अजून तसेच आहेत आणि तमिळ भजनी मंडळींना तुकोबांचे अभंग पाठ असतात, उच्चार थोडे इकडेतिकडे होतात पण भाव एकदम पक्का. म्हणजे मराठी आणि भरतनाट्यम यांची ओळख करून द्यायची काही गरजच नाहीये, ते जुने शेजारी आहेत.

आता मार्गममध्ये कुठे बसवायचा? वर्णम झाल्यावर. वर्णम अर्धापाऊण तासाचं असतं, मुलगी दमलेली असते, बघणारेही दमलेले असतात, तिथे पदम किंवा कीर्तनम येतं आणि तीच अभंगाची जागा. छोट्या मुलीचा छोटा प्रोग्रॅम असेल तर शब्दमच्या जागीही चालेल.

फक्त एक सांगते, माझाच फजितीचा किस्सा आहे. मी पंधरा-सोळा वर्षांची असताना हाच अभंग बसवला होता. तुळसीहार दाखवला, पितांबर दाखवला, मकरकुंडलं दोन्ही कानांत हलवून दाखवली, कौस्तुभमणी तर असा चमकवला की काय विचारता. आजी पहिल्या रांगेत. तिने पंढरीच्या वाऱ्या केलेल्या. घरी आल्यावर मी विचारलं कसं झालं, तर म्हणाली, "सगळं छान झालं गं, पण विठोबा वाकडा उभा राहत नाही." मला कळेचना. मग लक्षात आलं की सवयीने मी कृष्णाची त्रिभंगी पोझ घेतली होती, एक पाय दुमडलेला, कंबर बाहेर, मान कललेली. तो मुरलीवाला. विठोबाचे दोन्ही पाय विटेवर सरळ जुळलेले, समपाद, आणि हात कमरेवर, त्याला आपल्याकडे अर्धचंद्र हस्तच, म्हणजे हाताची त्या नावाची मुद्रा, वापरतात, कमर दाखवायला तो ग्रंथातही सांगितलाय. इतकं साधं आहे ते. आणि अवघड एवढ्यासाठी की काहीच करायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला स्टेजवर नुसतं उभं राहायला सांगा बघू! तुमच्या लेकीला "ठेवोनिया" वर पूर्ण चार मात्रा स्थिर उभं राहायला लावा, डोळेसुद्धा फिरवायचे नाहीत. बाकीचा नाच आपोआप त्याच्याभोवती बसेल.

मी रिटायर्ड माणूस आहे, नाचातलं काही कळत नाही पण मुलीबरोबर प्रोग्रॅमना जातो. गाणारे एकच ओळ आठ-दहा वेळा गातात आणि नर्तकी दर वेळी काहीतरी वेगळंच करते. ओळ तीच, मग हावभाव वेगळे कसे? हे ठरलेलं असतं की सुचेल तसं? (एक काका)

काका, सगळ्या नाचातला सगळ्यात चांगला प्रश्न तुम्ही विचारलात आणि वर म्हणता काही कळत नाही.

याला संचारी म्हणतात. ओळीचा सरळ अर्थ एकदा दाखवून झाला की मग त्या ओळीच्या आजूबाजूला जे आहे, कवीने लिहिलेलं नाही पण ओळीत दडलेलं आहे, ते दाखवत जायचं. उदाहरण घेऊन सांगते नाहीतर हे सगळं हवेत राहतं. ज्ञानेश्वरांची ती विरहिणी आहे ना, विरहातल्या बाईच्या तोंडचं पद, "पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे". पहिल्यांदा ओळ आली की नर्तकी सरळ अर्थ दाखवते, लांब तिकडे, कावळा, ओरडतोय, शुभशकुन सांगतोय. झालं, चार सेकंदांचं काम.

दुसऱ्यांदा तीच ओळ आली की ती "गे माये" ला पकडते. म्हणजे ही एकटी नाहीये, कोणालातरी सांगतेय, आईला म्हणा मैत्रिणीला म्हणा, आणि ती समोरची बाई बहुतेक विश्वास ठेवत नाहीये, रोजच ओरडतो कावळा, त्यात काय, असा तिचा चेहरा, आणि मग ही तिचा हात धरून खिडकीपाशी नेते, बघ ना, ऐक ना. हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही. पण "गे" या एका अक्षरात आहे.

तिसऱ्यांदा "पैल". पैल म्हणजे पलीकडे, नदीच्या पलीकडे असतं तसं. कावळा जवळ नाहीये. ती कान देते, आवाज येतो, परत येत नाही, भास झाला की काय, परत येतो. चौथ्यांदा ती कामात आहे, पाणी भरतेय, मधेच थांबते, घागर तशीच हातात आणि पाणी वाहून चाललंय. असं आठ वेळा होतं आणि आठव्या वेळी जेव्हा ती परत साधा पहिलाच सरळ अर्थ दाखवते, पैल, काऊ, कोकताहे, तेव्हा तुमच्या घशात काहीतरी अडकतं, आणि तुम्हाला वाटतं की आत्ता तर तिने काहीच केलं नाही!

पुढे तर मजाच आहे. ती कावळ्याला लाच देतेय हो. आधी सोन्याने पाय मढवीन म्हणते. मग दहीभाताचा गोळा. मग दुधाने भरलेली वाटी. मग आंब्याची डहाळी. बघा, सोन्यापासून सुरुवात करून दहीभातावर आली. काही नर्तकी हे चढत्या क्रमाने करतात, प्रत्येक लाच मोठी मोठी, पण मला वाटतं उलटं आहे, सोनं बोलायला सोपं, कारण ते तिच्याकडे नाहीच, आणि दहीभात खरा आहे, घरात कालवलेला आहे, तो देताना तिचा हात जरा जपून पुढे यायला हवा, कावळा घाबरून जाईल म्हणून. आणि ती त्याला "उड" म्हणते. आपल्याकडे समजूतच आहे, पाहुणे येणार असतील तर उड, असं कावळ्याला सांगायचं. मग तो उडाला तर विठोबा येणार. पण ज्ञानेश्वरांनी कावळा उडाला की नाही हे लिहिलेलंच नाहीये! शेवटपर्यंत शकुन सांग, शकुन सांग असंच चाललंय. मग नर्तकीने काय करायचं? एकीला मी बघितलं होतं, तिने शेवटी नजर अशी हळूच वर उचलली, कावळा उडाल्यासारखी, आणि थिएटरमध्ये हुश्श झालं. दुसरीने नजर फांदीवरच ठेवली. मला दुसरीचं जास्त आवडलं, पण भांडायला तयार आहे.

ठरलेलं असतं का, तर हल्ली बरंचसं ठरलेलं असतं, विशेषतः ग्रुपमध्ये नाचताना, नाहीतर एकीचा कावळा उडेल आणि दुसरीचा भात खात बसेल. पण मुरलेली नर्तकी असेल तर साताठ कल्पना तयार ठेवून त्या दिवशी कुठल्या वापरायच्या ते स्टेजवर ठरवते, आणि गाणारा तिच्याकडे बघून ओळ परत उचलतो.

ताई मी कथक शिकते, वय 19. आमच्या मॅमनी मला जयदेवाची अष्टपदी दिलीय. अर्थ वाचला आणि उडालेच! हे देवाचं काव्य आहे? घरच्यांसमोर कसं करू? भक्ती आणि शृंगार एकत्र कसे काय?

अगं उडालीस ना, छान झालं, म्हणजे अर्थ वाचलास. निम्मी मुलं वाचतच नाहीत.

तुझी अष्टपदी जयदेवाच्या गीतगोविंदातली, ते काव्य बाराव्या शतकातलं. बारा सर्ग, चोवीस गाणी. अष्टपदी म्हणजे आठ कडव्यांचं, जरी प्रत्येक गाण्यात मोजून आठ नसली तरी, दशावताराचं गाणं मोजून बघ. आणि हे काव्य देवळाबाहेर ठेवलेलं नव्हतं, तर पुरीच्या जगन्नाथाच्या देवळात 1499 चा शिलालेख आहे प्रतापरुद्रदेव राजाचा, की भोगाच्या वेळी देवासमोर नाच होईल तेव्हा गीतगोविंदच गायचं, दुसरं गाणं नाही. केरळात अजून देवळाच्या पायऱ्यांपाशी उभं राहून इडक्का वाजवत अष्टपदी गातात, सोपान संगीत म्हणतात त्याला. म्हणजे ज्याची तुला लाज वाटतेय ते देवाला रोज ऐकवत होते लोक.

आणि लाज तुलाच वाटली असं नाही, जयदेवालाही वाटली अशी गोष्ट सांगतात. एकोणिसाव्या गाण्यात कृष्ण राधेला म्हणतो, तुझं पाऊल माझ्या डोक्यावर ठेव. जयदेवाचा हात थांबला, देवाच्या डोक्यावर पाय कसा लिहू, म्हणून पोथी तशीच ठेवून आंघोळीला गेला. तेवढ्यात कृष्णच जयदेवाचं रूप घेऊन घरी आला, ओळ लिहिली, वर जयदेवाच्या बायकोच्या, पद्मावतीच्या, हातचं जेवून गेला. खरा जयदेव परत येऊन बघतो तर ओळ पूर्ण. गोष्ट आहे, मान्य, पण गोष्ट रचणाऱ्याला नक्की कुठे बोट ठेवायचं ते कळलं होतं.

आता प्रॅक्टिकल. मॅमनी कुठली अष्टपदी दिलीय ते तू लिहिलं नाहीस. चोवीसावी "कुरु यदुनंदन" असेल तर जरा थांब अजून, ती प्रेम झाल्यानंतरची राधा आहे, कृष्णाला सांगतेय माझे केस परत बांध, कस्तुरीची नक्षी परत काढ, आणि त्यात लाडीकपणा जास्त झाला की सगळं खाली येतं. ओडिसीचे गुरू केलुचरण महापात्रांचं जुनं रेकॉर्डिंग मिळालं तर बघ, टक्कल पडलेला, सुटलेल्या पोटाचा म्हातारा माणूस, पण दोन मिनिटांत तुला तो दिसत नाही, राधाच दिसते. एवढं वय आणि एवढा रियाज लागतो त्याला. तुझ्यासाठी सतरावी चांगली, "याहि माधव". कृष्ण सकाळी उगवलाय, रात्रभर जागून डोळे लाल, आणि दुसरीच्या डोळ्यांतलं काजळ याच्या ओठांवर लागलेलं. राधा म्हणते जा, तिच्याकडेच जा. ही खंडिता नायिका. इथे तुला काहीच "तसलं" दाखवायचं नाहीये, फक्त त्याच्या ओठावरचं काजळ बघायचंय, एकदाच, आणि नजर काढून घ्यायची. राग दाखवायची घाई करू नकोस, आधी तिला ते दिसलं पाहिजे. आणि घरच्यांचं टेन्शन घेऊ नकोस, आईला अर्थ आधीच सांगून टाक. आपल्या आयांना गौळणी ऐकायची सवय आहे, एकनाथांच्या गौळणींत काही कमी खोड्या नाहीयेत.

अभंगाला कुठला ताल घ्यावा? आदितालात बसतो का? (एक शिक्षिका)

बसतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, आदितालही आठचा, त्यामुळे हिशेब जमतो. गंमत वेगळीच आहे. मोठ्या अभंगाची अक्षरं मोजा, सुंदर ते ध्यान सहा, उभे विटेवरी सहा, कर कटावरी सहा, आणि ठेवोनिया चारच. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं, विटेवरी, कटावरी, आणि चौथा चरण आखूड. गाणारा तो आखूड चरण ओढून लांबवतो. ती ओढलेली जागा तुमची. बऱ्याच जणी तिथे घाईघाईने तीरमानम, म्हणजे पायांच्या जलद बोलांचा शेवटचा तुकडा, कोंबतात, प्लीज कोंबू नका.

मी शास्त्रीय गायन शिकलोय आणि हल्ली डान्सच्या प्रोग्रॅमला साथीला बसतो. माझी तक्रार अशी की जरा गाणं रंगायला लागलं, मी दोन ताना घेतल्या की नर्तकी माझ्याकडे डोळे वटारून बघते. आम्ही काय टेपरेकॉर्डर आहोत का?

दादा, टेपरेकॉर्डर असता तर तिने डोळे वटारले नसते हो, त्याच्याकडे ती बघतसुद्धा नाही.

कसं आहे, ती संचारी करत असते तेव्हा तिच्या हातात एक अख्खं वाक्य अर्धवट असतं. वर कावळ्याचं सांगितलं ना, घागर हातात आहे, पाणी वाहतंय, आणि तेवढ्यात तुम्ही ताना घेत वरच्या सा ला गेलात की लोकांचे कान तुमच्याकडे, डोळे तिच्याकडे, आणि घागर गेली. त्या वेळी शब्द स्पष्ट हवेत, ओळ तीच हवी, पण दर वेळी चाल जराशी वळवून, "कोकताहे" वर एकदा थांबून, एकदा पुढे सरकून. हे मैफलीपेक्षा सोपं नाहीये, उलट जास्त कंट्रोल लागतो. भरतनाट्यमच्या थोर नर्तकी बालासरस्वती, त्यांची आई जयम्मल त्यांच्यासाठी गायच्या, आणि बालासरस्वती स्वतःसुद्धा नाचता नाचता गायच्या. कथकमध्येही बिरजू महाराज बसल्या बसल्या स्वतः ठुमरी गाऊन भाव सांगायचे, नुसती बोटं आणि भुवया. गाणारा आणि नाचणारा एकच असला की कोण कोणाच्या मागे हा प्रश्नच उरत नाही.

पण तुमची तक्रार अगदीच चुकीची नाही हं. तिने सुरुवातीला तुम्हाला दोन आवर्तनं तरी मोकळी द्यायला हवीत, नुसता राग मांडायला, स्टेजवर ती येण्याआधी. हे प्रोग्रॅमच्या आधी बोलून घ्या, चहा पिताना, स्टेजवर भुवयांनी नाही.

"तुका म्हणे" आलं की नक्की काय दाखवायचं? आमच्या क्लासमध्ये सगळ्या जणी वीणा घेऊन डोलतात.

हो, आणि डोलताना डोळे मिटतात, आणि मग सगळ्या एकाच सीरियलमधल्या दिसतात.

नाममुद्रा, म्हणजे पदात गुंफलेली कवीची सही, ही भारतभर आहे. तेलुगू कवी क्षेत्रय्याच्या पदमांत "मुव्वगोपाल" येतं, पुरंदरदासांच्या गाण्यांत "पुरंदर विठ्ठल", मीरेच्या पदांत "मीरा के प्रभु गिरिधर नागर". पण सगळीकडे एकच युक्ती चालत नाही. क्षेत्रय्याचा मुव्वगोपाल हा त्या पदातला नायकच असतो, नायिका त्यालाच तर ओरडत असते, तिथे कवीला आणायची गरजच नाही. तुकोबा मात्र स्वतः बोलतात, इतका वेळ दाखवलेल्यांपेक्षा वेगळंच कोणीतरी येऊन मी असं म्हणतो असं सांगतं. म्हणजे तोवर तू जे दाखवत होतीस ते सोडून एक पाऊल मागे यायचं आणि बोलणारा माणूस व्हायचं. वीणा एकदा दाखव हवं तर, पण "पाहीन श्रीमुख आवडीनें" हे बघण्याबद्दल आहे, डोळे मिटून कसं चालेल? उघड की डोळे!

आणि विरहिणीत "ज्ञानदेव म्हणे" येतं तेव्हा तर अजून पंचाईत, कारण इतका वेळ बोलणारी बाई होती आणि अचानक ज्ञानदेव. काही जणी तिथे बाई पुसून टाकतात आणि पद्मासन घालतात. मी नाही घालत. ती बाई म्हणजे तेच होते की.

भरतनाट्यमच्या ड्रेसऐवजी नऊवारी नेसून अभंग केला तर चालेल का? (बऱ्याच जणींनी विचारलंय)

चालेल, त्यात काही पाप नाही. तो शिवलेला पंख्याचा ड्रेस काही देवादिकांपासून आलेला नाही, विसाव्या शतकातला आहे, त्याआधी नर्तकी साडीच नेसून नाचत. फक्त आरशासमोर अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवलेल्या अर्ध्या बैठकीत, पूर्ण बसून बघ, गुडघे उघडले की काष्टा ताणला जातो का, मुळ्ळमंडीत खाली बसून उठून बघ, आणि हे सगळं घुंगरू बांधून कर, कारण निऱ्या अडकतात त्या घुंगरातच. पदराला पिना जरा जास्तच लाव.